वादळाने मोडलेले झाड आणि त्याचा निवाडा

अंगणातले, परसातले किंवा वाडीतले झाड वादळात कलले, त्याची थोरली फांदी फाटून लोंबू लागली किंवा मुळांसकट त्याचा बुंधा जमिनीतून अर्धवट उचलला गेला, म्हणजे ते राखावे की काढून टाकावे, हा प्रश्न त्याच दिवशी मालकापुढे येतो आणि त्याचे उत्तरही बहुधा त्याच आठवड्यात दिले जाते. वास्तविक असे झाड जगणार की मरणार हे कळायला दोन-तीन वर्षे लागतात. ज्या निर्णयाला वर्षे हवीत तो दिवसांत घेतला जातो, या विसंगतीतच त्याचा सगळा इतिहास सामावलेला आहे. निरनिराळ्या काळांतील आणि प्रदेशांतील माणसांनी झाडाच्या दिसणाऱ्या जखमेवर लेप लावले, पट्ट्या बांधल्या, सिमेंट भरले. मात्र जमिनीखालचे मूळ हिशेबात यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

वाऱ्याने झाडाला इजा होते आणि त्या इजेवर उपचार करता येतो, ही कल्पना भारतात बरीच जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने रचलेल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर, म्हणजे झाडांची लागवड व चिकित्सा सांगणाऱ्या शास्त्रावर, एक स्वतंत्र अध्याय आहे. थंडी, वारा आणि ऊन यांमुळे झाडाला रोग होतो, पाने फिकटतात, अंकुर खुंटतात, फांद्या वाळतात आणि रस गळू लागतो, असे त्यात सांगितले असून उपाय म्हणून बिघडलेला भाग आधी शस्त्राने साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी घालावे, असा क्रम दिला आहे. हा क्रम उघडच माणसाच्या व्रणचिकित्सेवरून घेतलेला आहे. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येते, हे गृहीत त्यात मुरलेले होते आणि पुढे युरोपातही, वृक्षायुर्वेदाशी कसलाही संबंध नसताना, तेच गृहीत जवळजवळ दोनशे वर्षे चालले.

युरोपात हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर लिहिला गेला तो लाकडाच्या निमित्ताने. इंग्लंडच्या दक्षिण भागावर १७०३ च्या नोव्हेंबरात आलेल्या प्रचंड वादळानंतर डॅनियल डीफो याने लोकांकडून पत्रे मागवून ‘द स्टॉर्म’ हे पुस्तक १७०४ मध्ये सिद्ध केले. केंट परगण्यातील उन्मळलेली झाडे तो स्वतः मोजत निघाला आणि सतरा हजारांवर आकडा गेल्यावर कंटाळून त्याने मोजणी सोडून दिली. जॉन एव्हलिन याची सरे परगण्यातील वॉटन येथील वडिलोपार्जित वनश्री त्याच रात्री भुईसपाट झाली. या एव्हलिननेच चाळीस वर्षांपूर्वी, १६६४ मध्ये, इंग्लंडच्या आरमाराला लागणाऱ्या ओकच्या तुटवड्यावर उपाय म्हणून ‘सिल्व्हा’ हा वृक्षलागवडीचा ग्रंथ लिहिला होता. त्या काळाच्या दृष्टीने पडलेले झाड म्हणजे वेळेआधी हाती आलेले लाकूड होते. ते उभे करता येईल का, याची चौकशी क्वचितच होई, कारण वाट पाहण्यात लाकूड कुजण्याचा धोका होता.

जवळजवळ त्याच सुमारास, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्र या मराठा राज्यकारभारावरील ग्रंथातही झाडांचा विषय आरमाराच्याच प्रकरणात आला आहे. गलबतांच्या बांधणीसाठी लाकूड हवे म्हणून रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा त्यातला भाग महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना माहीत आहे. त्याच्याच पुढचे कलम मात्र फारसे उद्धृत होत नाही आणि इथे तेच अधिक महत्त्वाचे आहे: जे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल ते न्यायचे झाले, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडून न्यावे, बळजोरी करू नये. झाड कामातून गेले किंवा नाही याची पारख सरकारी माणसाने करावी, पण शेवटचा शब्द ज्याच्या परसात ते उभे आहे त्याचा राहावा, असा हा निवाडा आहे. इंग्लंडात आणि महाराष्ट्रात गरज एकच होती. फरक एवढाच की आज्ञापत्राने झाडाच्या प्रकृतीबरोबर मालकाच्या संमतीचाही विचार केला.

आरमाराच्याच चिंतेतून पुढे जखमी झाडांचा पहिला सरकारमान्य इलाज जन्मला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या राजवाड्यातील बागांचा मुख्य माळी विल्यम फोर्सिथ याने असा दावा केला की त्याच्याकडे एक लेप आहे, जो लावल्यास पोकळ झालेले ओक पुन्हा भरीव होतात. ब्रिटिश संसदेने त्या कृतीच्या मोबदल्यात त्याला पैसे मंजूर केले आणि १७९१ मध्ये ती कृती छापून आली. ताजे गाईचे शेण, जुन्या इमारतींतला चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू, असे ते मिश्रण होते. वनस्पतींच्या वाढीवर प्रयोग करणाऱ्या टॉमस अँड्र्यू नाइट याने त्यावर कडक टीका केली, कारण एकदा मेलेले लाकूड कोणत्याही लेपाने पुन्हा जिवंत होत नाही. तरी शेणाचा लेप टिकला. फोर्सिथची चूक शेणात नव्हती. कुजका भाग काढून टाकल्यावर अनेक झाडे खरोखर सुधारत, पण त्याचे श्रेय लेपाला जाई.

हाच विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत धंद्याच्या रूपाने उभा राहिला. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि ओहायो राज्यातील केंट गावी स्थायिक झालेल्या जॉन डेव्ही याने १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक छापले आणि घराभोवतीच्या झाडांची शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसांचा एक वर्गच तयार केला. पुढे या धंद्यात जी पद्धत रूढ झाली तिच्यात पोकळी छिन्नीने कोरून स्वच्छ करायची, आतून जंतुनाशक लावायचे आणि मग ती दातांचे वैद्य भरतात तशी सिमेंटने भरून वरून साफसूफ करायची, असा क्रम असे. फाटू पाहणाऱ्या दोन फांद्यांना लोखंडी सळई आरपार घालून किंवा वर तारेचा दोर ताणून एकत्र बांधण्याची रीतही याच काळात रुळली आणि तिचे सुधारलेले रूप आजही वापरात आहे. सिमेंटचे तसे झाले नाही. वाऱ्यात झाड वाकते, सिमेंट वाकत नाही. दोहोंमध्ये फट पडते, तिच्यात पाणी साचते आणि कूज वाढते, हे कळेपर्यंत हजारो झाडांच्या पोटात दगडासारखे गोळे बसून गेले होते, जे पुढे करवतीची पाती मोडण्याच्या कामी आले.

जखम भरून येते हे गृहीत मोडून काढले ते अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शायगो याने. १९५९ पासून त्याने यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी-आडवी चिरून त्यांच्या आत जुन्या जखमांचे काय झाले ते पाहिले आणि १९७७ मध्ये आपला सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा की झाड जखमी भाग दुरुस्त करतच नाही. ते त्याच्याभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत जाते. आतली जखम आयुष्यभर तशीच राहते. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघाल्या. एक म्हणजे जखमेवर लावण्याचे रंग आणि डांबर कूज थांबवत नाहीत. दुसरी अधिक मोलाची: फांदी जिथे खोडाला मिळते तिथे बुडाशी एक बारीक फुगवटा असतो, त्यातच भिंत उभारणारा भाग असतो, म्हणून मोडकी फांदी कापताना खोडाला घासून गुळगुळीत न कापता त्या फुगवट्याच्या बाहेर कापावी. पिढ्यान्‌पिढ्या नीटनेटके दिसावे म्हणून फांद्या खोडालगत कापणाऱ्या माळ्यांनी झाडाची संरक्षक फळीच कापून काढली होती, असा याचा अर्थ होतो. बुंध्याच्या बाबतीत हा सिद्धांत आज सर्वमान्य असला, तरी शायगोची करवतही मुख्यतः जमिनीच्या वर चालली. वादळात झाड पडते ते बहुधा खालून.

ती उणीव एका रात्रीने भरून काढली. १५ आणि १६ ऑक्टोबर १९८७ च्या मधल्या रात्री दक्षिण इंग्लंडवरून गेलेल्या वादळात वाऱ्याचे झोत किनाऱ्यालगत ताशी १६० किलोमीटरच्या वर गेले, सुमारे दीड कोटी झाडे पडली आणि अठरा माणसे दगावली. ऑक्टोबरचा मध्य असल्याने झाडांवर पाने भरलेली होती, म्हणून प्रत्येक झाडाने शिडासारखा वारा धरला, आणि आधीच्या पावसाने जमीन भिजून सैल झालेली होती. ही दोन कारणे एकत्र आली नसती तर हानी बरीच कमी झाली असती. ज्या गावाचे नावच सात ओकांवरून पडले आहे त्या सेव्हनओक्समध्ये क्रिकेटच्या मैदानाकडेला १९०२ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने लावलेल्या सात ओकांपैकी सहा पडले. लंडनजवळच्या क्यू येथील शाही वनस्पती उद्यानात सुमारे सातशे झाडे गेली.

क्यूमधील संशोधकांनी या संकटाकडे अभ्यासाची संधी म्हणून पाहिले. उन्मळलेल्या झाडाबरोबर मुळांची आणि मातीची जी आडवी थाळी उचलली जाते, तिची मापे पीटर गॅसन आणि डेव्हिड कटलर यांनी निरनिराळ्या ठिकाणांहून जमवली. झाड जेवढे वर तेवढे खाली, ही लोकांची दृढ समजूत तिथे निकालात निघाली. प्रचंड झाडांच्याही मुळांची थाळी बहुधा दीड-दोन मीटरांपेक्षा खोल नव्हती आणि सोटमूळ, म्हणजे सरळ खाली जाणारे मुख्य मूळ, वाढलेल्या झाडांत क्वचितच आढळले. झाडाला तोलून धरते ते मुळांचे उथळ आणि रुंद पसरलेले जाळे. ते एका बाजूला तुटले की उरलेला बुंधा कितीही निरोगी असला तरी झाड भरवशाचे राहत नाही.

त्याच बागेत १७९८ मध्ये लावलेला टर्नर ओक हा संकरित जातीचा वृक्ष होता. वादळापूर्वी काही वर्षे तो खंगत चालला होता: पाने विरळ, शेंडे वाळलेले. वादळाने त्याला मुळांच्या थाळीसकट उचलले आणि पुन्हा जवळजवळ होता तिथेच ठेवले. उद्यानातील माणसे इतर शेकडो झाडांच्या कामात गुंतलेली असल्याने त्याला आधार देऊन शेवटी पाहू म्हणून सोडून देण्यात आले आणि नंतर तो तोडण्याचेच मनात होते. तीन वर्षांनी पाहतात तो झाड पूर्वीपेक्षा जोमाने फुटलेले. उद्यानात येणाऱ्या लोकांच्या पायांखाली शतकभर दाबली जाऊन मातीतली हवा आणि पाण्याच्या वाटा बंद झाल्या होत्या. वादळाने झाड हलवताना ती माती मोकळी केली, असे निदान पुढे वृक्षविभागाचे प्रमुख झालेले टोनी कर्कहॅम यांनी केले. पुढे क्यूमध्ये जुन्या झाडांभोवतीची घट्ट जमीन दाबाखालच्या हवेने सैल करण्याची पद्धत सुरू झाली आणि ती इतरत्रही पसरली. या प्रसंगात शास्त्राइतकाच वेळेच्या अभावाचाही वाटा आहे हे विसरता येत नाही: माणसे मोकळी असती, तर टर्नर ओक पहिल्याच महिन्यात तोडला गेला असता आणि हे ज्ञान मिळालेच नसते.

बहुतेक ठिकाणी मात्र माणसे आणि यंत्रे मोकळी होती. वादळानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात रानांत आणि बागांत जी साफसफाई झाली, तिच्यात मुळाच्या एका बाजूने जिवंत असलेली असंख्य झाडे कापली गेली, जड यंत्रांनी जमीन तुडवली आणि मग त्याच जागी रोपे लावली गेली. वनांचा इतिहास लिहिणारे ऑलिव्हर रॅकहॅम यांनी आडवे पडलेले झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे हे वारंवार सांगितले. केंटमधील टॉइज हिल येथे रानाचा काही भाग मुद्दाम न साफ करता ठेवण्यात आला आणि तिथे रान आपोआप पुन्हा उभे राहिले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या वनात तर १९३८ मध्ये त्या भागात आलेल्या चक्रीवादळाची नक्कल म्हणून १९९० मध्ये झाडे यंत्राने ओढून पाडण्याचा प्रयोग करण्यात आला. पाडलेल्यांपैकी पुष्कळ झाडे नंतरच्या काही वर्षांत पाने धरून राहिली. घाईने झालेली साफसफाई ही वादळाइतकीच मोठी हानी ठरू शकते, हा या सगळ्याचा निष्कर्ष रानाच्या बाबतीत निर्विवाद वाटतो.

अंगणाच्या बाबतीत तो तसाच लागू करता येत नाही, कारण तिथे झाडाखाली घर आणि माणसे असतात. यासाठी जर्मनीतील कार्लस्रूहे येथील क्लाउस मॅटहेक यांनी १९९० च्या दशकात झाडाच्या बाह्य खुणांवरून त्याची बळकटी ओळखण्याची पद्धत मांडली. पोकळ खोडाच्या निरोगी भिंतीची जाडी त्रिज्येच्या तीस टक्क्यांपेक्षा कमी झाली की ते मोडण्याचा धोका वाढतो, असा त्यांचा ठोकताळा आहे. त्यावर बराच वाद झाला असला, तरी पोकळ झाड म्हणजे धोक्याचे झाड ही सरसकट भीती त्याने कमी केली. कललेल्या झाडाच्या परीक्षेत आज पाहिले जाते ते मुख्यतः जमिनीकडे: वाऱ्याच्या बाजूला बुंध्याभोवती चंद्रकोरीसारखी भेग पडली आहे का, माती फुगून आली आहे का, हलक्या वाऱ्यातही बुडाशी जमीन वर-खाली होते का. तशी होत असेल, तर वरचा हिरवागार पर्णसंभार उलट धोका वाढवणाराच ठरतो.

हे सारे शास्त्र ओक, आंबा, वड अशा रुंद पानांच्या झाडांवर उभे आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागले आणि मुरूडपासून खाली दापोलीपर्यंतच्या वाड्या झोपल्या, तेव्हा जे पडले त्यात माड आणि पोफळी प्रामुख्याने होत्या. वाडी किंवा आगर म्हणजे घरामागची पाटाच्या पाण्यावर वाढलेली बाग. तिच्यात वर माड, त्याच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरवेल किंवा पानवेल आणि अधूनमधून जायफळ, केळ अशी थरांची रचना असते. माड-पोफळ ही ताडकुळातली झाडे असल्याने साल आणि लाकूड यांच्या मधला वाढीचा थर त्यांना नसतो, म्हणून शायगोने सांगितलेल्या भिंती ती उभारू शकत नाहीत आणि त्यांच्या खोडावरची जखम कायमची उघडी राहते. वाढीचा कोंबही शेंड्यात एकच. मधूनच मोडलेल्या पोफळीला पुन्हा फुटवा येत नाही. तिथे विचार करण्यासारखे काही उरत नाही. झावळ्या फाटलेला पण कोंब शाबूत असलेला माड मात्र बाहेरून कितीही उजाड दिसला तरी सावरतो, आणि लहान वयाचे कललेले रोप मूळ सैल असताना उभे करून मातीची भर देता येते.

इंग्लंडात शिकलेला पडलेले पडू द्यावे हा धडा वाडीत उलटतो, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्यातून निघालेले भुंगे शेजारच्या उभ्या माडांचा कोवळा कोंब पोखरतात. सोंड्या भुंगा तर ताज्या जखमेच्या वासावरच येतो. त्यामुळे ओकच्या रानात जे लाकूड पडून राहणे हिताचे, तेच माडाचे ओंडके वाडीत पडून राहणे घातक. २०२० च्या जून महिन्यात टाळेबंदीमुळे मजूर मिळत नव्हते, पाऊस तोंडावर आला होता आणि आडव्या झाडांखाली पाट बुजले होते, तेव्हा ओंडके वेळेवर बाहेर काढणे हे कित्येक बागायतदारांना झाड राखण्याच्या निर्णयाइतकेच कठीण गेले.

मदतीच्या वाटपातही झाडाची मोजणी कशी करावी हा जुनाच पेच पुढे आला. सुरुवातीला हेक्टरी मदतीची घोषणा झाली. पण श्रीवर्धनकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात आणि एका लहान जागेत शेकडो पोफळी दाटीने उभ्या असतात, म्हणून हेक्टरचा हिशेब तोकडा पडला आणि नंतर माडाला झाडामागे २५० रुपये व पोफळीला ५० रुपये असा दर ठरला. झाडागणिक हिशेब अधिक न्याय्य खरा, तरी पडलेले आणि उभे यांच्या मधले कललेले झाड त्यातही नीट बसत नाही. शिवाय वाडीतले झाड एकटे नसते. वरचे माड गेल्यावर आयुष्यभर सावलीत वाढलेल्या पोफळींच्या खोडांवर दुपारनंतरचे ऊन थेट पडते, खोड भाजते, चिरते आणि वादळात न पडलेली पोफळ पुढच्या काही वर्षांत मरते. तिचा दोष वादळाला लावायचा की उन्हाला, हे कोणत्याही पंचनाम्याला सांगता येणार नाही.

या कारणाने जाणकार बागायतदार कललेल्या, उत्पन्न घटलेल्या माडाचा निवाडा त्याच्या नारळांवरून करत नाहीत. बाणवली जातीच्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, पोफळीचे रोप उन्हात तग धरत नाही. म्हणून आधी केळी लावून तात्पुरती सावली करायची, तिच्या आडोशाला पोफळीची रोपे घ्यायची, जुन्या माडांच्या मधल्या जागेत नवे माड लावायचे आणि कोंब शाबूत असलेला जुना माड, वाकडा असला तरी, घरावर झुकलेला नसेल तर नवा फळावर येईपर्यंत ठेवायचा, अशी रीत आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्यालगतून उत्तरेकडे गेले, तेव्हा अशा लागवडीला पहिले वर्षही पुरे झालेले नव्हते.